अठ्ठावन्न ग्रॅमचा डबा

१

डबा रिकामा होता.

विक्रम साहेबांनी तो आधी टेबलावर उलटा केला, मग टिचकी मारून पाहिला. आतून एक पातळ पुस्तिका घसरली आणि तेवढीच. केबिनमधला एसी घरघरत होता, तरी आयुष बोरकुटेच्या पाठीवरून घामाचा ओघळ खाली उतरला.

निळ्या जाड कागदाचा जुना डबा, वर कासवाचं चित्र, कडेला जपानी अक्षरं. ‘कासवबेट’ हा कॅसेटवाला गेम साहेब लहानपणी नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका पार्लरमध्ये खेळत. शेवटच्या बेटावर पोचायच्या आतच ते पार्लर बंद पडलं. पुढे साहेब मोठे झाले, विमानतळाशेजारच्या मिहानमधल्या ‘व्योमदीप’ या विमानदुरुस्ती कंपनीचे प्रमुख झाले, पण ते बेट काही डोक्यातून गेलं नाही. प्रत्येकाचं असं काहीतरी राहून गेलेलं असतं. म्हणून कंपनीची तीन माणसं ट्रेनिंगला ओसाकाकडे निघाली, तेव्हा साहेबांनी आयुषला बोलावून पैसे हातात ठेवले आणि बजावलं, “तिकडे जुन्या गेमची दुकानं आहेत. स्वतः जा. चालवून बघ. मगच घे.”

आयुष परत येऊन दहा दिवस झाले होते. साहेब दौऱ्यावर होते, ते आज आले आणि डबा आज उघडला.

“तू चालवून पाहिला होतास?” साहेबांनी विचारलं.

“हो साहेब.”

“दुकानात?”

“दुकानातच.”

“आणि दहा दिवस डबा कोणाकडे होता?”

“माझ्याकडेच. कपाटात.”

तीन उत्तरं आणि तिन्ही स्वतःच्या तोंडची. बाजूला जितेंद्र सर आणि चिन्मयी उभे होते. जितेंद्र सर म्हणजे ओसाकाला गेलेल्या या तिघांचे म्होरके, अठरा वर्षं नोकरी झालेले. चिन्मयीचं काम विमानाच्या वजनाचा हिशेब ठेवण्याचं. दोघांनीही नजर खाली घातली. तोंडावर चोर म्हटलेलं एकवेळ परवडतं, ही खाली गेलेली नजर परवडत नाही.

“ऑगस्टपासून दोन वर्षं तुला ओसाकाला पाठवायचं ठरलंय,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “जितेंद्रला डावलून मी तुझं नाव दिलं. शनिवारपर्यंत कॅसेट आणून दे, नाहीतर राजीनामा. पासपोर्ट व्हिसासाठी ऑफिसात आहे, तो इथेच राहील. आणि हा डबा घेऊन जा. मला बघवत नाही.”

तो दिवस मंगळवार होता.

२

नागपूरच्या मे महिन्यात सकाळी दहानंतर तसाही कोणी घराबाहेर पडत नाही. पण आपण होऊन दार लावून बसणं वेगळं आणि बाहेर तोंड दाखवायला जागा नाही म्हणून बसणं वेगळं. नंदनवनातल्या त्या दोन खोल्यांत कूलर ओली गरम हवा फेकत होता, खिडक्यांना पडदे होते, आणि आयुष पलंगावर डबा समोर ठेवून बसला होता. कामावर जायचं नाही, गाव सोडायचं नाही, आणि ज्याला खरं सांगावं असा माणूस नाही. वडील गावी शेतावर. आई वंदना दर तासाला येऊन विचारी, “जेवतं का गा?” आणि उत्तर न घेता परत जाई.

बुधवारी दुपारी यमुताई आली. आयुषची ही सख्खी आत्या. वय अडुसष्ट, लग्न केलं नाही, आणि नोकरी केली ती रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, हरवलेल्या मालाच्या दाव्यांवर. बत्तीस वर्षं तिने फुटलेल्या पेट्या, कमी भरलेली पोती आणि साळसूद चेहऱ्याचे हमाल पाहिले होते. डोक्यावर ओला पंचा बांधून ती ऑटोतून उतरली, घटाघटा पाणी प्यायली आणि पलंगाशी खुर्ची ओढून बसली.

“सांग,” ती म्हणाली. “सगळं सांग. रडू नको, सांग.”

आयुषने साहेबांना सांगितलं तेच सांगितलं. यमुताईने डबा हातात घेऊन उलटसुलट केला.

“हा कागद असा उघडाच मिळाला?”

“नाई, प्लास्टिक होतं वरून, किमतीचं स्टिकर होतं. ते तिकडच्या खोलीवर काढलं. कस्टमवाल्यांले नवं दिसू नये म्हणून आम्ही सगळ्याच सामानाचं काढलं.”

“बरोब्बर. आपल्या लोकायची अक्कल,” यमुताई म्हणाली. “दुकान कोणत्या मजल्यावर होतं?”

“दुसऱ्या… तिसऱ्या.”

“कॅसेट लावून दाखवली ती मशीन कोणत्या रंगाची?”

“काळी असन.”

“असन?” यमुताईने चष्मा काढला. “तुले जन्मल्यापासून ओळखतो मी. पहिल्या सायकलीची घंटी कोणत्या रंगाची होती ते तू अजून सांगतं. अन् मागच्या महिन्यातली मशीन आठवत नाई?”

कूलरचं पाणी संपत आलं होतं, त्याचा आवाज बदलला.

“बाबू,” यमुताई आवाज खाली आणून म्हणाली, “तू त्या दुकानात गेलाच नाई.”

३

खरं बाहेर पडलं तेव्हा ते एवढंसं होतं. ट्रेनिंगच्या तीन महिन्यांत एकच दिवस पूर्ण मोकळा मिळाला, तोही परतीच्या आधीचा. आयुष सव्वीस वर्षांचा झाला तरी त्याने समुद्र पाहिला नव्हता. नागपुरातून कुठलाही किनारा धरा, लांबच पडतो. तिथे मात्र आगगाडीने तासाभरावर होता. जितेंद्र सर म्हणाले, “तू जा बे, पाहून ये. साहेबांचा गेम मी घेऊन येतो. सांगून दे का तूच घेतला.” आणि आयुषने किनाऱ्यावरूनच साहेबांना मेसेज टाकला होता, ‘घेतला साहेब, चालवून पाहिला.’

“मग हे साहेबाले काहून नाई सांगितलं?” वंदनाने दारातून विचारलं. ती कधी येऊन उभी राहिली हे दोघांनाही कळलं नव्हतं.

“काय सांगू? का मी खोटं बोललो म्हणून? न सांगितलं तर चोर, सांगितलं तर लबाड. कुठं जाऊ?”

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती हीच. वंदनाने पदर तोंडाशी नेला. यमुताईला मात्र रडारडीत रस नव्हता.

“परतला केव्हा?”

“सात वाजले होते. सगळ्या बॅगा भरून ठेवल्या होत्या. डबा माझ्या हँडबॅगेत होता. सर म्हणाले, उघडू नको, जुना कागद आहे, फाटन. साहेबांलेच उघडू दे.”

“अन् बॅगा भरल्या कोणी?”

“चिन्मयीने. ती सगळं वजन करून भरते.”

यमुताई खुर्चीत सरळ झाली. “वजन करून? लिहिलं असन तिनं?”

“ती लिहिल्याशिवाय पाणीही पीत नाई.”

“बोलाव तिले,” यमुताई म्हणाली. “आत्ताच्या आत्ता.”

चिन्मयी संध्याकाळी आली ती वही घेऊनच. येताना संकोचली होती, पण वहीचा विषय निघाल्यावर तिचा चेहरा उजळला. जाताना मुंबईच्या विमानतळावर एका बॅगेत वजन जास्त भरलं होतं आणि तिला सगळ्या लोकांदेखत कपडे फरशीवर काढावे लागले होते. तेव्हाच तिने कानाला खडा लावला. ओसाकाच्या खोलीत केक करायला घेतलेला छोटा काटा होता, त्यावर तिने प्रत्येक वस्तू ठेवली आणि तिघांच्या बॅगांत सारखी वाटली.

“वाच वं,” यमुताई म्हणाली.

“गुरुवार, सुरुवात चार वीस. साहेबांचा डबा, अठ्ठावन्न ग्रॅम. जितेंद्र सर, मोजे, एक जोड, बेचाळीस. दाढीचं सामान, दोनशे दहा. मोजे, एक जोड, बेचाळीस. माझी चहाची पुडी, पंचावन्न. सरांचे मोजे, एक जोड, एकशे अठ्ठावीस. सरांच्या बायकोचा, कामिनीताईंचा पंखा, नव्वद. आयुष, पावसाळी जॅकेट…” 

“मोजेही मोजले?” वंदनाला राहवलं नाही.

“काकू, विमानात एक पानासुद्धा मोजून आत जातो, मोजून बाहेर येतो. सवयच लागली.” चिन्मयीने पान उलटलं. “संपलं, चार पन्नास.”

“डबा सगळ्यात पहिला कसा?” यमुताईने विचारलं.

“जितेंद्र सर दुकानातून आले ते थेट माझ्यासमोर. पिशवीतून काढला, वरचं प्लास्टिक सोललं, मी घेतला आणि काट्यावर ठेवला. मला वाटलं, आयुषने घेऊन त्यांच्याकडे दिला असेल. आयुष कुठे होता मला माहीतच नव्हतं.” ती आयुषकडे बघून थांबली. “तू नव्हतास का दुकानात?”

यमुताईने वहीतल्या त्या पानाचा फोटो काढून घेतला आणि चिन्मयीला म्हणाली, “शनिवारी ही वही घेऊन साहेबाच्या केबिनमध्ये ये. तोपर्यंत कोणाजवळ काही बोलू नको.”

४

गुरुवारी सकाळी ऊन तापायच्या आधी आत्या-भाचा जितेंद्र सरांच्या घरी गेले. आयुष जायला तयार नव्हता. यमुताईने त्याला अक्षरशः दंडाला धरून नेलं.

जितेंद्र सरांनी पोहे मागवले, खुर्च्या दिल्या, आणि कामिनीताई आत गेल्याबरोबर आवाज खाली आणला. “हो, मी घेतला. याच्यासाठीच घेतला. रात्री हा समुद्रावरून आला तेव्हा डबा याच्या बॅगेत होता, भरलेला. पुढचं मले माहीत नाई.”

“हे साहेबाले सांगाल?” यमुताईने विचारलं.

“मी काहून सांगू? यानंच सांगितलंय का यानं घेतला, यानं चालवून पाहिला. मेसेज आहे साहेबांच्या फोनमध्ये.” ते आयुषकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच आयुषला जास्त भीती वाटली. “सांग जाऊन. कोणाचं खरं मानतील, पाहू.”

पिंजऱ्याचं दार बाहेरून लावलेलं असतं तेव्हा आरडाओरडा करता येतो. हे दार आयुषने आतून लावलं होतं आणि किल्ली या माणसाच्या हातात दिली होती. त्याने पोह्याची बशी बाजूला सरकवली.

यमुताई मात्र कामिनीताईंशी गप्पा मारायला लागली. पंखा छान आहे म्हणाली. जपानात काय काय मिळतं, विचारत बसली.

“मोजे आणले म्हणे तुमच्यासाठी?”

“माह्यासाठी कायचे?” कामिनीताई हसल्या. “यायलेच बुटात घालाले. पातळ सुती, तीन जोड. एकाच पाकिटातले, तिन्ही सारखे. दाखवू का?”

त्यांनी दोरीवरचे आणून दाखवले. यमुताईने एकेक जोड हातात घेऊन पाहिला, कापडाचं कौतुक केलं. आयुषला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. इथे नोकरी चालली, अब्रू चालली, आणि आपली आत्या मोजे चाचपून राहिली.

“म्हातारी झाली तू,” ऑटोत बसल्यावर तो चिडून म्हणाला.

“झालो ना,” यमुताई म्हणाली. “चाल, बर्डीवर.”

५

सीताबर्डीत, व्हेरायटी चौकाच्या मागच्या गल्लीत चंद्रभानचं दुकान होतं. पुढे मोबाइलची कव्हरं, मागे काचेच्या कपाटात जुने गेम, सीडी, रिमोट आणि धूळ. आयुषने निळा डबा काउंटरवर ठेवला तसा चंद्रभान उभाच राहिला.

“अरे बाप! कासवबेट! हा तर मी फोटोतच पाहिला.” त्याने हात शर्टाला पुसले आणि डबा उचलला. उचलताच म्हणाला, “पण हा तर खाली, रिकामा आहे.”

“उघडला नाई, अन् कसं समजलं?” यमुताईने विचारलं.

“मावशी, तीस साल झाले हाच धंदा करून राहिलो. कॅसेट असली का हातात भरते. आणि तिकडे तर डबा अलग इकतात, कॅसेट अलग. एखाद्या शौकीन माणसाजवळ कॅसेट राहते, डबा फाटला राहते. तो नुसता डबा घेते. एका फळीवर रिकामे डबे, दुसऱ्या टोपलीत सुट्या कॅसेटी. दोन्ही घेतले का जोडी जमते.”

“तुमच्याजोळ त्या मापाची कॅसेट आहे?”

चंद्रभानने दुसऱ्या एका गेमची करडी कॅसेट काढली. गेम वेगळा, साचा तोच, तो म्हणाला. यमुताईने शेजारच्या सोनाराचा काटा मागून आणायला लावला. सोनाराने कुरकुर केली, पण दिला.

पुस्तिकेसह डबा ठेवला. काट्यावर आकडा आला, अठ्ठावन्न.

ओसाकात अठ्ठावन्न, आणि आज रिकामा असतानाही अठ्ठावन्न. म्हणजे दुकानातून येऊन चिन्मयीच्या काट्यावर ठेवला त्या घडीलाच डबा रिकामा होता. आपल्या बॅगेत आला तो रिकामाच आला. दहा दिवस आपण कपाटाला कुलूप लावून हवा सांभाळली.

“आता डबा काढून नुसती कॅसेट ठेवा,” यमुताई म्हणाली.

श्याऐंशी.

यमुताईने पर्समधून पेन काढलं आणि ऑटोच्या पावतीच्या पाठीमागे काहीतरी बेरीज केली. मग ती हसली. नोकरीत असताना एखादा दावा निकाली निघाला की ती अशी हसायची म्हणतात. तिने कागद आयुषपुढे सरकवला.

त्यावर लिहिलं होतं, ‘बेचाळीस अधिक श्याऐंशी’. आणि खाली एकच शब्द, ‘मोजे’.

६

“शाबीत होते,” घरी आल्यावर यमुताई म्हणाली. “माणूस खोटं बोलते, काटा बोलत नाई. पण एक गोष्ट राहते. जितेंद्र म्हणन का याच्याच हाती कॅसेट होती, यानंच आधी काढून घेतली अन् माह्या मोज्यात लपवली. त्याचं तोंड बंद कराचं असन तर तुले सांगा लागन, तू त्या वेळी कुठं होता.”

“समुद्रावर.”

“अन् साहेबाले काय सांगितलं?”

आयुष उठून खिडकीशी गेला. पडदा थोडा बाजूला केला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आई आणि आत्या दोघीही त्याच्या पाठीकडे बघत होत्या.

“नुसती वही दाखवली तर नाई चालणार का?” त्याने विचारलं.

“अर्धवट चालन. लोक म्हणतील, सुटला कसातरी. जन्मभर अर्धवट म्हणतील.” यमुताईने चष्मा पुसला. “मी सांगणार नाई, बाबू. मी हिशेब मांडीन. तोंड तुलेच उघडा लागन. अन् त्याची किंमत काय राहीन ते मले नाई माहीत.”

वंदनाने आपला फोन हातात घेतला, जुने कॉल वर सरकवत गेली आणि एका ठिकाणी थांबून तो फोन यमुताईच्या हातात दिला.

७

शनिवारी केबिनमध्ये पाच माणसं होती. साहेब, जितेंद्र सर, वही छातीशी धरलेली चिन्मयी, आयुष, आणि साहेबांची परवानगी न घेताच खुर्चीत बसलेली यमुताई.

“साहेब,” आयुष म्हणाला. आवाज फाटला, त्याने पुन्हा सुरुवात केली. “साहेब, मी दुकानात गेलोच नव्हतो. कॅसेट पाहिली नाही, चालवली नाही. मी समुद्र पाहायला गेलो होतो. जितेंद्र सरांनी डबा आणला. मी तुम्हाला खोटं सांगितलं.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. जितेंद्र सर शांतपणे म्हणाले, “बघा साहेब. आता गोष्टच बदलली.”

मग यमुताई बोलली. बत्तीस वर्षं वकिलांपुढे बोलून तिला घाई न करण्याची सवय होती. तिने डबा काढला, चिन्मयीला वही वाचायला लावली, चंद्रभानने दिलेली करडी कॅसेट टेबलावर ठेवली आणि वजनं सांगितली. डबा तिथेही अठ्ठावन्न, इथेही अठ्ठावन्न. मग ती मोज्यांवर आली.

“एका पाकिटातले तीन जोड. मी हातात घेऊन पाहिले, तिन्ही सारखे. दोन बेचाळीस ग्रॅमचे अन् तिसरा एकशे अठ्ठावीसचा. फरक श्याऐंशी. ही कॅसेट किती? श्याऐंशी. साहेब, कापूस एवढा जड नसते.”

जितेंद्र सरांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं, पण माणूस मुरलेला होता. “कॅसेट यानं काढून माझ्या मोज्यात घातली असेल. माझ्या बॅगा उघड्याच होत्या.”

“मग तो त्या वेळी खोलीवर पाह्यजे.” यमुताईने वंदनाचा फोन पुढे केला. “हा याचा आईले केलेला व्हिडिओ कॉल. एकतीस मिनिटं समुद्र दाखवत होता.”

साहेबांनी फोन पाहिला. “कॉल एक वाजून पाच मिनिटांचा आहे. वजन चार वीसला सुरू झालं. समुद्र तासाभरावर. म्हणजे हा पावणेदोन तास आधीच परत आलेला असू शकतो.”

“तेच म्हणतो मी,” जितेंद्र सर पटकन म्हणाले.

आयुषला स्पष्ट आठवत होतं, ऊन कलेपर्यंत आपण वाळूत बसलो होतो, पण फोनवर एक पाच लिहिलेलं होतं आणि लिहिलेलं कोण नाकारणार?

“साहेब,” यमुताई म्हणाली, “हा फोन कुठचा?”

“कुठचा म्हणजे?”

“नंदनवनातला. याच्या आईचा. ती कधी कामठीच्या पलीकडे गेली नाई, तिचा फोन काहून जपानची वेळ दाखवन? चिन्मयी, इथं एक वाजून पाच, तर तिकडे किती?”

“चार पस्तीस,” चिन्मयी म्हणाली आणि तिचा हात तोंडाकडे गेला. “साडेतीन तास पुढे. मी खोलीवर वजन करत होते तेव्हाच हा…”

“तेव्हाच हा तासभर लांब पाण्यात उभा राहून आईले लाटा दाखवून राहिला होता. डबा याच्या हाती आलाच नाई. ज्यानं आणला त्यानंच रिकामा आणला, अन् त्याच्याच मोज्यात कॅसेट.” यमुताईने पर्स बंद केली. “त्याले ठाऊक होतं का हा पोरगा तोंड उघडणार नाई. चोरी त्यानं केली, पण कुलूप या पोरानंच लावलं.”

मग जितेंद्र सर खुर्चीत बसले, बसले म्हणजे कोसळलेच.

“घरी आहे,” ते म्हणाले. “सज्ज्यावरच्या पेटीत. डबा अन् कॅसेट अलग अलग घेतली, कॅसेट मोज्यात गुंडाळली. विकणार नव्हतो, साहेब. मले कॅसेटीशी काय करायचं? अठरा वर्षं झाली इथं. परवा आलेला पोरगा ओसाकाले जाते अन् मी इथंच सडतो. याचं नाव कटलं असतं, एवढंच पाह्यजे होतं.”

साहेबांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. दार लागलं. आयुषच्या छातीवरचा चार दिवसांचा धोंडा उतरला, आणि त्याला वाटलं, झालं. सुटलो.

“आयुष,” साहेब म्हणाले, “तू चोर नाहीस. तुझी माफी मागतो.” त्यांनी पेन पुन्हा उचललं. “परत आल्यापासून दहा दिवसांत तू किती ठिकाणी सही केलीस?”

आयुषला प्रश्न कळला नाही. मग कळला.

“एकेचाळीस, साहेब. तीन नंबरच्या हँगरातलं विमान.”

“सहीच्या वर काय छापलेलं असतं?”

“‘प्रत्यक्ष पाहून तपासले.’”

“आणि तू पाहिलंस?”

“साहेब, शपथ घेऊन सांगतो, विमानावर मी कधीच न पाहता…”

“गेमचंही तू असंच सांगितलं होतंस,” साहेब म्हणाले. “मेसेज आहे माझ्याकडे. ‘चालवून पाहिला.’ मी विश्वास ठेवला. त्या विमानात दीडशे माणसं बसणार आहेत, आयुष. चोरी मी समजू शकतो. ही सही मला झोपू देणार नाही.”

आयुषने आत्याकडे पाहिलं. यमुताईने मान खाली घातली. डब्याचं वजन सांगता येतं, मोज्यांचं सांगता येतं. एखादा माणूस एकेचाळीस वेळा खरं वागला होता, याचा काटा तिच्याकडे नव्हता. बत्तीस वर्षांत तो कोणाकडेच तिने पाहिला नव्हता.

“ओसाकाला चिन्मयी जाईल,” साहेब म्हणाले. “तुझा सहीचा अधिकार आजपासून काढला. नोकरी ठेवायची की नाही, मला ठरवता येत नाही.”

चिन्मयी काही बोलणार होती, पण आयुषच आधी बोलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज त्याला स्वतःचा वाटला.

“मग उघडा, साहेब.”

“काय?”

“एकेचाळीसही उघडा. आत्ता. दुसऱ्या कोणालाही तपासू द्या. मी नुसता बाजूला उभा राहतो. एक जरी चुकीचं निघालं तर राजीनामाही मागू नका, हाकलून द्या.”

साहेबांनी खुंटीवरचं हेल्मेट काढलं.

तीन नंबरचा हँगर दुपारी बाराला भट्टीसारखा तापला होता. पत्र्याखाली पारा पंचेचाळीस अंशांच्या वर असेल. विमानाला उंच शिडी लावली होती. यमुताईला दारापाशी खुर्ची दिली, तिने पंचा पुन्हा डोक्याला बांधला. वरच्या फळीवर एक दुसरा तंत्रज्ञ चढला, चिन्मयी यादी घेऊन खाली, साहेब तिच्या बाजूला. आयुष दोन हात मागे बांधून उभा राहिला. त्याला कशालाही हात लावायचा नव्हता.

“नंबर एक,” चिन्मयीने वाचलं. “डाव्या पंखाखालचं तिसरं झाकण. बोल्ट चार, तारेची गाठ.”

स्क्रू सुटत गेले. एकेक स्क्रू ताटलीत पडत होता आणि आयुष ते मोजत होता. आपण हे पाहिलं होतं. हात लावून पाहिलं होतं. पण आता ते त्याला स्वतःलाही पुरतं खरं वाटेना, आणि खोटं बोलण्याची ही शिक्षा त्याला कोणी आधी सांगितली नव्हती.

झाकण खाली आलं. तंत्रज्ञाने बॅटरी आत मारली, वाकून बराच वेळ पाहिलं.

“चारही आहेत. गाठ बरोबर,” तो वरून म्हणाला.

चिन्मयीने खूण केली. आयुषने श्वास सोडला आणि साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. साहेबांनी घाम पुसला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

“पुढचं,” ते म्हणाले.